शेजारची जागा

सहल कंपनीच्या ऑफिसात फोनवर बसून ताईला एक गोष्ट पक्की कळली होती. सरळ ‘नाही’ म्हणायचं माणसांच्या जिवावर येतं. जुने प्रवासी फोन उचलायचे, आवाज ओळखून खूश व्हायचे, मुलगी केवढी झाली, ड्रायव्हरमामा कसे आहेत, सगळी चौकशी करायचे, आणि मग आढेवेढे सुरू व्हायचे. कुणाचे गुडघे. कुणाच्या सुनेला दिवस गेलेले. एक निवृत्त मास्तर म्हणाले, “सध्या हवा बरी नाही.” कुठली हवा, इथली की तिथली, असं ताईनं विचारलं तर म्हणाले, “एकंदरीतच.” शेवटचा शब्द मात्र सगळ्यांचा एकच असायचा: “बघू.”

साथ ओसरून बराच काळ झाला होता. दुकानं भरत होती, शाळा भरत होती, लग्नांत माणसं एकमेकांच्या ताटात हात घालून जेवत होती. पण गावाबाहेर जायचं म्हटलं की पाय निघत नव्हता. कंपनीची एकुलती एक बस ऑफिसच्या मागच्या आवारात उभी होती. ताईची लेक साथीच्या वर्षात जन्मलेली, ऑफिसातच आईच्या पायाशी रांगायला शिकलेली. तिच्या लेखी बस म्हणजे खूप खुर्च्या असलेली एक खोली. ती रोज त्या खोलीत जाऊन बाहुलीला झोपवून यायची, आणि येताना दार लावून घ्यायची.

कंपनीचे मालक, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, त्यांचं म्हणणं होतं की लोक आजाराला घाबरतात. म्हणून त्यांनी बस आतून-बाहेरून धुऊन घेतली, दारात सॅनिटायझरचं नळकांडं बसवलं, पडदे बदलले. आत गेलं की दवाखान्यात आल्यासारखा वास यायचा. तेवढ्यानं भागेना, तेव्हा ताईनंच त्यांना सुचवलं: एकाआड एक सीट मोकळी ठेवू. प्रत्येकाच्या शेजारची जागा रिकामी. आपल्या गाडीत अंगाला अंग लागणार नाही, असं लोकांना सांगू.

“निम्मी गाडी रिकामी न्यायची?” भाऊ म्हणाले.

“आत्ता तर पूर्णच रिकामी उभी आहे.”

ताईनं लाल रिबिनीचं भेंडोळं आणलं आणि एका दुपारी, लेकीला मागच्या सीटवर झोपवून, एकाआड एक सीटला रिबीन बांधली.

हे तिनं कंपनीसाठी केलं असं भाऊंना वाटलं. केलं होतं आईसाठी.

कारण ‘बघू’ म्हणणाऱ्यांत तिची स्वतःची आईही होती. आईची थोरली बहीण, ताईची मावशी, डोंगरातल्या एका गावात मुलाकडे राहायची, आणि कंपनीची पहिली सहल त्याच गावाला जायची ठरत होती. मावशीची नजर जात चालली होती. हिवाळ्यानंतर उजेड आणि अंधार एवढंच कळेल, माणसं कळणार नाहीत, असं डॉक्टरांनी तिच्या मुलाला स्पष्ट सांगितलेलं. मावशी रोज फोन करायची. व्हिडिओ लावू का म्हटलं तर म्हणायची, “नको गं, त्यात तू धुक्यातल्या म्हशीसारखी दिसतेस. एकदा समोर येऊन बैस. तुझं तोंड बघून ठेवते, मग खुशाल मिटोत डोळे.”

आई हसायची. “येते की. बघू.”

ताईनं दोनदा रेल्वेची तिकिटं काढली होती. पहिल्या वेळी निघायच्या सकाळी आईच्या अंगात कसकस होती. ताप नव्हता, नुसती कसकस. दुसऱ्या वेळी आई कपडे करून, पर्स मांडीवर घेऊन खुर्चीत बसली आणि उठलीच नाही. “तू जाऊन ये,” म्हणाली. ताईनं समजावलं, मी आहे ना तुझ्याबरोबर, दोन हात लांब बसू सगळ्यांपासून, मास्क लावू. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि पर्समधली बाटली काढून फ्रीजमध्ये ठेवून दिली.

बाबा गेले ते साथीत. आजारी पडल्यावर त्यांना दवाखान्याच्या गाडीत बसवून नेलं आणि तिकडचे तिकडेच गेले. घरात कुणी त्याबद्दल फार बोलत नसे. बोलण्यासारखं तसं काही कुणी पाहिलंच नव्हतं.

*

उभ्या सहलीची कल्पना भाऊंची. फोनवर माणसं हलत नाहीत, तर त्यांना इथेच बोलवू. रविवारी दुपारी या, आवारातल्या बसमध्ये बसा, चहा प्या, स्वच्छता बघा, घरी जा. गाडी जागची हलणार नाही.

“हलणार नाही ना नक्की?” बऱ्याच जणांनी विचारलं. नाही म्हटल्यावर यायला तयार झाले. आईसुद्धा. “बसायचंच आहे ना? बसते,” म्हणाली.

आणि आले. गंमत म्हणजे निम्मे लोक सामान घेऊन आले. सवयीनं. मास्तर मानेला ती फुगवायची उशी लावून आले होते. एक जोडपं दोन थर्मास घेऊन आलं, एक चहाचा, एक कोमट पाण्याचा. खिडकीवाल्या काकू गॉगल लावून, टोपी घालून, जणू गाडी हललीच तर आपली तयारी असावी अशा आल्या. त्यांना हे नाव ताईच्या बाबांनी दिलेलं. सावलीच्या बाजूची खिडकी ही आपल्यालाच मिळायला हवी, असं काकूंचं वर्षानुवर्षांचं मत होतं, आणि नेमकी तीच खिडकी दर सहलीला आईबाबांकडे असायची. त्यावरून दर सहलीला एक तरी भांडण ठरलेलं.

आई नेहमीच्या सीटवर बसली. खिडकीशी. शेजारच्या सीटला लाल रिबीन होती. आईनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर आवाराची भिंत होती.

सगळं छान चाललं होतं. चहा झाला. भाऊंचं स्वच्छतेवरचं भाषण झालं. पडद्यांचं कौतुक झालं. “तसं काही वाटत नाही हो बसल्यावर,” असं कुणीतरी म्हणालंसुद्धा. ताई दाराशी लेकीला कडेवर घेऊन उभी होती. तिला मनातल्या मनात सहल सुटलेली दिसत होती.

तेवढ्यात ड्रायव्हरमामा उठून उभे राहिले.

मामांची एक पद्धत होती. गाडी सोडण्यापूर्वी ते डोकी मोजायचे नाहीत. फार पूर्वी एका थांब्यावर त्यांनी डोकी मोजली, बरोबर भरली, आणि पुढे बऱ्याच अंतरावर कळलं की एक बाई मागेच राहिल्यात आणि त्यांच्या जागी दुसऱ्याच गाडीतले एक गृहस्थ गाढ झोपलेत. तेव्हापासून मामा पुढून सुरुवात करायचे आणि प्रत्येकाला फक्त एवढंच विचारायचे, “शेजार?” ज्यानं त्यानं आपल्या शेजाऱ्याकडे बघून सांगायचं, “आहे.” असं शेवटपर्यंत. मग गाडी सुटायची. नवीन माणसं हसायची, पण परतीपर्यंत त्यांनाही सवय व्हायची.

त्या दिवशी गाडी सुटायची नव्हतीच. पण माणसं बसलेली, चहा झालेला, दार लागलेलं. मामांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “शेजार?”

पहिल्या सीटवरच्या बाईंनी सवयीनंच बाजूला पाहिलं. तिथे रिबीन होती. “नाही,” त्या म्हणाल्या.

मामा पुढच्याकडे वळले. “शेजार?”

“नाही.”

“शेजार?”

“नाही.”

इथे मामांना कळलं होतं. त्यांच्या कपाळावर घाम दिसत होता. पण अर्ध्यावर सोडायचं कसं, हेही त्यांना समजेना. मधेच थांबले असते तर ज्याच्यापाशी थांबले त्याचं काय? म्हणून ते तसेच पुढे निघाले, आणि गाडीभर तो नन्नाचा पाढा सुरू राहिला. काही जण रिबिनीकडे बघून म्हणत होते. काहींना बघावं लागत नव्हतं. काकूंनी गॉगल काढला. त्यांच्या शेजारी कायम त्यांची धाकटी जाऊ असायची. ती बाबांच्याच महिन्यात गेली होती. “नाही,” काकू म्हणाल्या, आणि गॉगल परत लावला.

आईची पाळी आली. मामांनी शब्द उच्चारलाच नाही, नुसते उभे राहिले. आई उठली, रिबिनीला धक्का न लावता बाजूनं निघाली, आणि दाराशी येऊन ताईला म्हणाली, “सरक. मला उतरायचंय.”

*

संध्याकाळी ताई मामांवर घसरली. “काही गरज होती का? उभी गाडी, कुठे जायचं नाही, यायचं नाही!”

मामा टायरवर हात ठेवून उभे होते. मग म्हणाले, “चुकलं माझं. पण पोरी, खरं सांगू? मी विचारलं नसतं तरी सगळे तेच बघत बसले होते. मी आरशात बघत होतो ना. चहा पिताना कपसुद्धा कुणी त्या बाजूला ठेवला नाही.”

“आजाराची भीती असते मामा. म्हणून तर रिबिनी बांधल्या.”

“असेल. मला आपलं तसं काही दिसलं नाही.”

ताई लेकीला घेऊन घरी आली, पण मनातून ते जाईना. तिनं फोनवर ऐकलेली सगळी कारणं एकेक करून आठवून पाहिली. गुडघे होते, सून होती, हवा होती. तिनं ती कधी खरी मानली नव्हती. त्यांच्या मागे भीती आहे असं ती समजून चालली होती, कारण भीतीवर उपाय करता येतो. धुता येतं, पुसता येतं, अंतर ठेवता येतं. आणि या उपायाच्या नादात तिनं प्रत्येक माणसाच्या शेजारी एक रिकामी जागा नीट गाठ मारून बांधून ठेवली होती.

आईकडे गेली तर आई वाटाणे सोलत होती. “माझं ठरलंय,” आई मान वर न करता म्हणाली. “मी कुठे येत नाही. ताईला मी सांगीन फोनवर.” आई मावशीला ताई म्हणायची.

“मी येते ना तुझ्याबरोबर. रिबीन सोडून टाकू. मी बसते शेजारी.”

“तू बसशील. आणि मला पाणी देशील, गोळ्या देशील, दर थांब्याला हात धरून उतरवशील.” आईनं एक शेंग मोडली. “तू मला नेशील गं. सामान नेतात तसं, फार जपून. मला जाता यायचं ते ह्यांच्याबरोबर. वाटेत दोनदा रुसायचे, एकदा माझ्या खांद्यावर घोरायचे. पाण्याची बाटली घरीच विसरायचे. त्यांना सांभाळता सांभाळता गाव यायचं.”

ताईनंही वाटाणे सोलायला घेतले. लेकीनं टरफलं सोलायला घेतली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पहिला फोन खिडकीवाल्या काकूंचा आला.

“ताई, ते तुमचं उभं नाटक झालं ते झालं. आता मला सांग, ती रिबीन सोडता येते का?”

“कुठली, काकू?”

“तुझ्या आईच्या शेजारची.”

“तुम्ही तिथे बसणार?”

“का? बसू नये? वहिनींना संसर्ग होईल माझा? मला दोन्ही-तिन्ही सुया टोचून झाल्यात. आणि हे बघ, मी एकटीनं जाणार नाही. घरातल्यांबरोबर जाते तर ते मला म्हातारी करून टाकतात. त्यापेक्षा तुझी आई बरी. निदान उलट बोलते.”

“आई येतच नाही म्हणतेय, काकू.”

“तू तिला नुसतं सांग, काकू शेजारी बसणार, आणि खिडकीशी बसणार. एवढंच सांग. बाकी काही बोलू नकोस, शहाणपणा तर मुळीच करू नकोस.”

ताईनं संध्याकाळी जाऊन तेवढंच सांगितलं.

“ती?” आईनं हातातली उशी खाली ठेवली. “माझ्या शेजारी? अगं, ती बाई गाडीत संत्री सोलते आणि साली दुसऱ्याच्या पिशवीत टाकते! एकदा ह्यांच्या स्वेटरच्या खिशात टाकल्या होत्या. आणि झोपली की तोंड उघडं. आणि तिची ती जाऊ, बिचारी, कसं सोसलं असेल तिनं! वर खिडकी हवी म्हणे. कशाला, डोळे मिटून बघायला?”

आई बराच वेळ बोलत राहिली. ताईनं मध्ये तोंड घातलं नाही. काकूंचे सगळे गुन्हे, जुने-नवे, एकामागून एक निघत होते, आणि प्रत्येकाबरोबर एखादी सहल निघत होती, एखादा घाट, एखादा बंद पडलेला पंखा, बाबांचं काहीतरी बोलणं. इतक्या दिवसांत आईच्या तोंडून बाबा इतके सहज आले नव्हते. लेक आजीच्या मांडीवर चढून तिच्या हलत्या तोंडाकडे बघत बसली.

“मग सांगते मी त्यांना, नको म्हणून,” ताई शेवटी म्हणाली.

“सांग. आणि हेही सांग, खिडकी मिळणार नाही. जाताना तर नाहीच. घाटात मला मळमळतं, मला हवा लागते.”

ताई ‘बरं’ म्हणाली आणि चपला घालून बाहेर पडली. जिन्यात तिला थोडं थांबावं लागलं. तिनं लेकीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि मग उतरली.

*

रिबिनी सोडायच्या म्हटल्यावर भाऊ चिडले. ‘सुरक्षित अंतर’ असं त्यांनी बसच्या अंगावर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं. ताईनं मग सगळ्यांना पुन्हा फोन केले, पण या वेळी येणार का असं विचारलंच नाही. शेजारी कोण हवं, एवढंच विचारलं. माणसं गोंधळली. काहींनी विचार करून नाव सांगितलं. थर्मासवाल्या जोडप्यानं सांगितलं, एकमेकांशेजारी चालेल, दुसरं कोण घेणार आम्हाला. मास्तर म्हणाले, “मला रिबीनच बरी. आमची ही बोलायची नाही फारशी. मला सवय आहे तिच्या गप्प बसण्याची.” त्यांची रिबीन तशीच ठेवली. काही जण तरीही आले नाहीत. गुडघे खरेच दुखत असणार.

निघायच्या सकाळी आई वेळेच्या आधी हजर झाली. मास्क, पर्स, शाल, बाटली, सगळं बरोबर. बसच्या पायरीपाशी येऊन थांबली. एक पाय वर, एक खाली. मागे माणसं खोळंबली. ताईला वाटलं, धरावं का कोपराला. तिनं हात मागे बांधून घेतले.

आतून काकूंचा आवाज आला. “वहिनी, येताय का? की मी पाय लांब करू?”

आईनं मान वाकडी करून आत पाहिलं. काकू खिडकीशी बसल्या होत्या.

“ती जागा माझी आहे,” आई पायरीवरून म्हणाली.

“मग येऊन घ्या की! तिथून काय, पत्र पाठवताय?”

आई तरातरा वर चढली. बाकीचं ताईला बाहेर ऐकू आलं ते तुकड्यातुकड्यानंच. उठा. नाही उठत. भावजी होते तोवर गप्प बसले मी. कधी बसलात गप्प? मग मामांनी शेजार विचारायला सुरुवात केली असावी, कारण दोघी मध्येच थांबून काहीतरी बोलल्या आणि पुन्हा सुरू झाल्या.

बस हलली तशी ताईची लेक कडेवर ताठ झाली. ती खोली जागची उठून चालायला लागलेली तिनं कधी पाहिली नव्हती. “आई, खोली!” ती ओरडली. मग रिकाम्या आवाराकडे, जमिनीवरच्या तेलाच्या काळ्या डागाकडे बघत राहिली, आणि थोड्या वेळानं भोकाड पसरलं, कारण बाहुली आतच राहिली होती.

*

दिवसभर फोन आला नाही. ताईनंही केला नाही. दुपारी मामांचा एक निरोप आला: घाट ओलांडला, कुणाला काही त्रास नाही, पुढे जातो. ताई लेकीला समजावत राहिली की बाहुली फिरायला गेलीय. लेकीला हे पटलं नाही.

दिवेलागणीला आईचा फोन आला.

“पोचले.”

“कशी आहेस?”

“मला काय धाड भरलीय? खिडकी दिली नाही तिनं. घाटापर्यंत भांडले, मग झोपली माझ्या खांद्यावर. हात बधिर झालाय माझा. उठवायची कशी, तोंड उघडं.” आई थांबली. पलीकडून भांड्यांचे आवाज येत होते. “थांब, दुसऱ्या खोलीत येते.”

चालल्याचा आवाज, दार लावल्याचा आवाज.

“ताईनं ओळखलंच नाही मला,” आई म्हणाली. आवाज खाली गेला होता. “आम्ही दोघी दारात उभ्या. मी म्हटलं काकूंना, एवढ्या आलात तर चहा घेऊन जा. ताई पुढे आली, हात केले, आणि सरळ काकूंना मिठी मारली. म्हणते, किती गं वाळलीस! ती बाई, जिला एरवी तोंड आवरत नाही, ती नुसती उभी राहिली. मीही काही बोलले नाही. काय बोलणार? तिला मिठी मारायला कोण असतं आता? म्हटलं, राहू दे थोडा वेळ.”

“मग?”

“मग काकूच म्हणाल्या, तुमची बहीण ही नव्हे, ती मागे फुगून उभी आहे ती. मग ताईनं मला खिडकीशी नेलं, उजेडात. नाकाला नाक लावून बघितलं. कपाळ, भुवया, हनुवटी, सगळं बोटानं चाचपत. म्हणाली, दिसलीस. म्हातारी झालीस पण दिसलीस.”

ताईनं फोन दुसऱ्या कानाला लावला. लेक तिच्या मांडीवर आडवी होऊन पाय हलवत होती.

“ऐक,” आई म्हणाली, “मी राहते म्हणतेय इथे. हिवाळा सरेपर्यंत. तिला रोज एकदा उजेडात बघू दे.”

“आणि परत? गाडी तर परवा निघणार.”

“गाडी काय एकच आहे का जगात? येईन मी.”

हे आई बोलली. ताईला दोन्ही वेळची रेल्वेची तिकिटं आठवली आणि हसू आलं, पण ती हसली नाही. तिच्या मनात दुसरंच काही आलं होतं.

“आणि काकू?”

“त्यांचं काय?”

“परत जाताना.”

आईला हे सुचलंच नव्हतं, असं ताईला वाटलं, आणि आता सुचलं होतं.

“थांब जरा,” आई म्हणाली.

फोन कुठेतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला. दार उघडलं. मग लांबून तिघी म्हाताऱ्या बायकांचे आवाज, एकमेकींत मिसळलेले. आई काहीतरी विचारत होती. काकूंचा आवाज चढला, “मी कशाला राहू लोकांच्या घरी?” त्यावर मावशी काहीतरी म्हणाली, मग कुणीतरी म्हणालं की खिडकीशी कोण झोपणार ते आधी ठरवा, आणि सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

ताईनं फोन बंद केला नाही. ती तशीच ऐकत बसली. मांडीवर लेकीचे पाय हळूहळू थांबले. फोन उचलायला पलीकडून कुणी आलं नाही, आणि तिला त्याची घाईही नव्हती.